डोंगराआड पोहोचलेले लंडन

कर्जत स्थानकापासून मुंबई सरळ रेषेत मोजली, तर जेमतेम ५५ किलोमीटर भरते. लंडन सात हजार किलोमीटरांहून अधिक. अंतराचा हा हिशेब जमिनीवर खरा असला, तरी रेडिओच्या बाबतीत तो कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत पिढ्यानपिढ्या चुकत आला आहे. मुंबईच्या एफएम केंद्रावरचे सुस्पष्ट गाणे मोटारीत ऐकत पनवेल सोडावे आणि डोंगराच्या आड शिरताच ते तुटत तुटत खरखरीत विरून जावे, हा आजचा अनुभव आहे. आणि ज्या काळात लाकडी पेटीचा रेडिओ फडताळावर मानाने बसलेला असे, त्या काळात त्याच डोंगराआडच्या गावी रात्रीची जेवणे आटोपल्यावर काटा शॉर्टवेव्हवर नेला की लंडनच्या बिग बेनचे ठोके कानी पडत, हा वडीलधाऱ्यांचा अनुभव होता. दुपारी मात्र त्याच जागी, त्याच काट्यावर, त्याच रेडिओत लंडनचा मागमूस नसे. जवळचे लागत नाही व लांबचे लागते, रात्री लागते व दिवसा लागत नाही, या कोड्याचे उत्तर अर्धे पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे ब्रिटिश नभोवाणीच्या इतिहासात. आणि या दोहोंची गाठ आपल्या खोऱ्यात पडली असल्यामुळे, ती येथूनच सोडविणे सोयीचे आहे.

वर्तुळाबाहेरचा तालुका

ब्रिटनमध्ये दैनंदिन नभोवाणी १४ नोव्हेंबर १९२२ रोजी लंडनहून सुरू झाली. रेडिओची यंत्रे बनविणाऱ्या कारखानदारांनी एकत्र येऊन काढलेली बीबीसी ही खाजगी कंपनी ती चालवीत असे, आणि यंत्रे खपावीत म्हणून काहीतरी ऐकवीत राहावे, यापलीकडे तिच्या संस्थापकांची दृष्टी फारशी गेली होती असे दिसत नाही. ती दृष्टी दिली जॉन रीथ यांनी. स्कॉटलंडमधील एका धर्मोपदेशकाचा हा पुत्र व्यवसायाने इंजिनियर होता. डिसेंबर १९२२ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, तो या कंपनीचा कारभार पाहू लागला, आणि नभोवाणी ही नफ्याची बाब नसून सार्वजनिक विश्वस्ताची जबाबदारी आहे, खेड्यातल्या मेंढपाळाला आणि राजधानीतल्या सरदाराला एकच उत्तम वस्तू एकाच वेळी मिळाली पाहिजे, हा सिद्धांत त्याने इतक्या चिकाटीने लावून धरला की १ जानेवारी १९२७ रोजी राजसनदेने त्या कंपनीचे महामंडळात रूपांतर झाले.

त्याच वर्षी, २३ जुलै रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले. या केंद्राची शक्ती दीड किलोवॅट होती, आणि तिची परिणामकारक मर्यादा ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर, धरण्यात आली होती. मुंबई मध्यबिंदू धरून नकाशावर एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे, म्हणजे कर्जत आणि त्या काळी कर्जत तालुक्याचा पेटा असलेले खालापूर ही दोन्ही ठिकाणे रेषेच्या जराशी बाहेर पडलेली दिसतील. रेडिओ बाळगण्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे व त्यातले आठ रुपये कंपनीला मिळत. परंतु १९२७ अखेर साऱ्या देशात परवानेधारक साडेतीन हजारांच्या आसपासच होते. एवढ्या वसुलीवर कंपनीचा संसार चालणे शक्य नव्हते. १९३० च्या मार्चमध्ये ती बुडाली, व १ एप्रिलपासून सरकारने तो कारभार आपल्याकडे घेतला.

हे वर्तुळ पाहताना एका गोष्टीची नोंद केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुंबईची वीज आपल्या या दोन तालुक्यांतून जात होती. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर साठविलेले पाणी लोखंडी नळांतून खोपोलीस उतरवून टाटांनी १९१५ साली वीज काढली; ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी १९२२ साली, म्हणजे लंडनची नभोवाणी सुरू झाली त्याच वर्षी, भिवपुरीच्या यंत्रांवर पडले; आणि दक्षिणेस भिरा येथील वीजगृह १९२७ साली, मुंबईची नभोवाणी सुरू झाली त्या वर्षी, चालू झाले. जलविद्युतीचे हे पाणी काम संपल्यावर खोपोलीस पाताळगंगेला आणि भिवपुरीस उल्हास नदीला मिळते. मुंबईच्या गिरण्या, ट्रामगाड्या आणि रस्त्यांवरचे दिवे ज्या विजेवर चालत, ती वाहून नेणारे उंच मनोरे येथल्या भातशेतीतून उभे होते, आणि त्यांच्या खालच्या घरांत रॉकेलची चिमणी जळत होती. म्हणून या खोऱ्यात रेडिओ आला तोही बहुधा बॅटरीवरचा: विटेएवढ्या, जड, महाग आणि नेमक्या बातम्यांच्या वेळी दगा देणाऱ्या बॅटरीवरचा.

डोंगराला वळसा घालणारी लहर

आता मूळ कोड्याकडे वळू. रेडिओची लहर प्रकाशाच्याच जातीची असून तिचा वेगही प्रकाशाइतकाच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो. एका सेकंदात तिची किती आंदोलने होतात ती तिची वारंवारता, आणि एका आंदोलनात ती जेवढे अंतर तोडते ती तिची लांबी. वारंवारता वाढली की लांबी घटते. मुंबई आकाशवाणीच्या निवेदकांनी वर्षानुवर्षे घोकून दिलेले ‘५३७.६ मीटर्स, अर्थात ५५८ किलोहर्ट्झ’ हे दोन आकडे वस्तुतः एकाच मीडियम वेव्ह लहरीची दोन मापे होत. एफएम केंद्रांच्या लहरी मात्र अवघ्या तीन मीटर लांबीच्या असतात.

पावसाळ्यात उल्हास नदीच्या पात्रात एखादा मोठा खडक डोके वर काढून असतो, तेव्हा काठावर उभे राहून पाहावे. वाऱ्याने उठलेल्या बारीक लहरी खडकावर आपटून तेथेच मोडतात आणि खडकाच्या पाठीमागे पाण्याचा शांत पट्टा राहतो. परंतु खडकाएवढ्या किंवा त्याहून लांब फुगवट्याची लाट आली, तर ती दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागे पुन्हा जुळते, जणू वाटेत काही अडसर नव्हताच. रेडिओच्या लहरीचेही असेच आहे. माथेरानचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. तीन मीटरांच्या लहरीला ते दुर्लंघ्य असते आणि त्याच्या पाठीमागे तिची सावली पडते, तर पाचशे सदतीस मीटरांची लहर त्याच्या माथ्यावरून पलीकडे वाकून खोऱ्यात उतरते.

या लांब लहरीला आणखी एक आधार मिळतो, तो जमिनीचा. मीडियम वेव्हची लहर भूपृष्ठाला धरून चालते व चालताना जमिनीत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न करते. जमीन विजेची चांगली वाहक असेल, तर या व्यवहारात लहरीची शक्ती थोडी खर्च होते. खडकाळ आणि कोरडी असेल, तर पुष्कळ. खारे पाणी या कामी सर्वांत उत्तम, ओली माती मध्यम आणि उन्हाळ्यातला सह्याद्रीचा कातळ अगदी वाईट. आवणे लागून खाचरे पाण्याने भरली की दुपारचे मुंबई केंद्र किंचित खणखणीत लागते, असे येथले जुने लोक सांगत, त्यात तथ्य असण्याला हे शास्त्रीय कारण आहे. उलट वैशाख-ज्येष्ठात घाटावर वळवाचे ढग जमू लागले की मीडियम वेव्हवर कडकडाट सुरू होतो, कारण प्रत्येक वीज स्वतःच एक प्रचंड आणि बेशिस्त प्रक्षेपण असते. कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ साली झाले, तेव्हापासून इंजिनाच्या टपावरील दांडा तारेवर घासून उडणाऱ्या ठिणग्यांचीही त्यात भर पडली. रुळांजवळच्या घरात गाडी येण्याची वर्दी कानाआधी रेडिओला लागे.

भूपृष्ठाला धरून चालणारी लहर हा ब्रिटनच्या नभोवाणीचा मुख्य आधार होता. बेट लहान, डोंगर माफक, वस्ती दाट. १९२५ साली डॅव्हेंट्री येथे उभारलेल्या लांब लहरीच्या एका शक्तिमान केंद्राने त्या देशातील फार मोठ्या लोकसंख्येला एकच आवाज पोहोचविता आला. रीथ यांच्या ‘सर्वांना एकच उत्तम वस्तू’ या सिद्धांताला त्या बेटाचा भूगोल अनुकूल होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. हिंदुस्थानात तोच सिद्धांत दीड किलोवॅटच्या केंद्रावर लादला, तेव्हा तो कर्जतच्या अलीकडेच थकला.

वर गेलेली लहर खाली का येते

प्रक्षेपकातून निघालेली सगळी शक्ती जमिनीलगत चालत नाही. बरीचशी वर आकाशाकडे जाते. ती अवकाशात नाहीशी होत असावी, असे प्रथम मानले जाई. परंतु १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकच्या पैलतीरावर संदेश पोहोचविला, तेव्हा पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून तो कसा गेला हा प्रश्न उभा राहिला, आणि वातावरणात उंचावर विजेला वाहक असा एखादा थर असावा, असे अनुमान केनेली आणि हेविसाइड यांनी दुसऱ्याच वर्षी मांडले. ते सिद्ध करण्याचे साधन पुरविले नभोवाणीने. डिसेंबर १९२४ मध्ये एडवर्ड ॲपल्टन आणि त्यांचे सहकारी बार्नेट यांनी बीबीसीचे बोर्नमथ येथील केंद्र, त्याचे कार्यक्रम संपल्यानंतरच्या रात्रीच्या वेळी, प्रयोगासाठी मागून घेतले. प्रक्षेपकाची लहरलांबी सावकाश बदलत न्यायची आणि ऑक्सफर्ड येथे आवाजाचे मान मोजायचे, असा तो प्रयोग होता. मान नियमितपणे वाढे व उतरे. जमिनीवरून आलेली लहर आणि वरून परतलेली लहर एकमेकींत मिसळताना, दोघींचे उंचवटे जुळले की आवाज मोठा होई, आणि एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगटावर आला की तो मावळे. या चढउतारांच्या संख्येवरून वरच्या थराची उंची काढता आली, आणि ती ९० ते १०० किलोमीटरांच्या आसपास भरली. या शोधमालिकेबद्दल ॲपल्टन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री रेडिओचा आवाज मंद होऊन पुन्हा उसळतो, ज्याला आपण ‘स्टेशन हलतंय’ म्हणतो, त्यामागे हेच दोन वाटांचे मीलन असते.

हा थर उत्पन्न करतो सूर्य. त्याचे जंबुपार किरण उंचावरील विरळ हवेच्या कणांतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. जेथे सुट्या इलेक्ट्रॉनांची दाटी वर वर वाढत जाते, तेथे तिरप्या शिरलेल्या लहरीचा वरचा काठ खालच्या काठाच्या पुढे सरकू लागतो, आणि लहर हळूहळू वाकत पुन्हा पृथ्वीकडे वळते. असे थर एकावर एक आहेत, आणि आपल्या कोड्याची किल्ली त्यांतल्या सर्वांत खालच्या थरात आहे. भूपृष्ठापासून सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या या थरात हवा अजून बरीच दाट असते. लहर तेथून जाताना सुट्या इलेक्ट्रॉनांना हालवते. ते शेजारच्या हवेच्या कणांवर आदळतात. आणि लहरीने त्यांना दिलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लहर जितकी लांब, तितकी ही हानी अधिक. म्हणून दिवसा मीडियम वेव्हची वर गेलेली लहर या खालच्या थरातच संपते आणि केवळ जमिनीवरून येणारे जवळचे केंद्र ऐकू येते. सूर्य मावळला की येथली दाट हवा सुट्या इलेक्ट्रॉनांना थोड्याच वेळात पुन्हा आपल्यात सामावून घेते व हा थर विरतो. परंतु अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरचा थर, जेथे हवा इतकी विरळ आहे की कणांची गाठच सहसा पडत नाही, तो रात्रभर टिकतो. मधला अडथळा सरला, वरचा आधार राहिला. मग दूरदूरची केंद्रे खाली उतरू लागतात.

एका झेपेत लहर फार तर चार हजार किलोमीटर जाते. लंडनची लहर त्यामुळे कर्जतला पोहोचण्यापूर्वी निदान एकदा, बहुधा अधिक वेळा, मध्येच जमिनीवर किंवा समुद्रावर उतरून पुन्हा वर गेलेली असे. माथेरानचा डोंगर तिच्या वाटेत येण्याचा प्रश्नच नव्हता. ती आभाळातून येत होती.

या वरच्या थरांची खबर ठेवणारे एक जुने दफ्तर आपल्या जिल्ह्यातच आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मोजमापांना विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव होणार, हे आधीच ओळखून ते काम १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले. सूर्यावर स्फोट झाला की खालचा थर अकस्मात दाट होऊन दिवसाचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण बंद पडते, आणि त्याच क्षणी अलिबागच्या आलेखावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची रेषा किंचित हलते.

> चौकट: काट्यावरचे मीटर आणि घड्याळ
>
> शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर १३, १६, १९, २५, ३१, ४१, ४९ असे आकडे छापलेले असत. ही लहरीची मीटरमधील लांबी. दिवसा खालच्या थराची हानी टाळण्यासाठी आखूड लहरी, म्हणजे १३ ते २५ मीटर, कामी येतात. रात्री वरचा थर विरळ होतो आणि आखूड लहरी त्यातून आरपार निघून जातात, म्हणून केंद्रे ३१, ४१, ४९ मीटरांवर उतरतात.
>
> ऋतू बदलला की सूर्याचा मुक्काम बदलतो, म्हणून मोठी केंद्रे वर्षातून दोनदा आपल्या लहरी बदलीत व त्याची सूचना आधी देत.
>
> सुमारे अकरा वर्षांच्या सौरडागांच्या चक्रात डाग वाढले की आखूड लहरी फार दूरवर जातात. ते ओसरले की त्याच लहरी निकामी होतात.

विलायती संस्था, देशी आकाश

बीबीसीची ‘एम्पायर सर्व्हिस’ १९ डिसेंबर १९३२ रोजी डॅव्हेंट्रीहून शॉर्टवेव्हवर सुरू झाली, आणि त्याच नाताळात पंचम जॉर्जचे भाषण साम्राज्यभर ऐकले गेले. त्याच्या मागच्याच वर्षी, ऑक्टोबरात, हिंदुस्थान सरकारने खर्च परवडत नाही म्हणून येथील नभोवाणी बंद केली होती व लोकांचा गलबला झाल्यावर नोव्हेंबरात पुन्हा उघडली होती. लंडन ऐकू येऊ लागल्यावर मात्र परवान्यांच्या अर्जांचा ओघ वाढला, व सरकारदरबारी या खात्याला बरे दिवस आले. १९३५ साली बीबीसीतून लायोनेल फील्डन यांना नियंत्रक म्हणून बोलावण्यात आले. जून १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मुक्रर झाले.

फील्डन यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र आपल्या खोऱ्याच्या दृष्टीने त्यांच्याहून थोर उपकारकर्ते वाटतात ते १९३६ मध्येच बीबीसीतून आलेले मुख्य अभियंता सेसिल गॉयडर. हे नाव बिनतारी संदेशाच्या इतिहासात त्याआधीच कोरलेले होते. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेत शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या गॉयडरने स्वतः जुळविलेल्या यंत्रावरून न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांच्याशी संभाषण साधले होते, आणि पृथ्वीच्या दोन टोकांमधला तो पहिला दुहेरी संवाद ठरला होता. आकाशाची वाट किती दूर नेते हे ज्याने शाळकरी वयात अनुभवले, त्याने हिंदुस्थानच्या विस्ताराकडे पाहून ब्रिटनचा नमुना बाजूला ठेवला, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

त्यांची योजना अशी होती. मोठ्या शहरांना मीडियम वेव्ह असू द्यावी. परंतु सभोवारच्या शेकडो किलोमीटरांच्या मुलखासाठी शॉर्टवेव्हचे केंद्र उभारून त्याची लहर क्षितिजाकडे न सोडता जवळजवळ सरळ वर सोडावी, म्हणजे ती वरच्या थरावरून परतून आसपासच्याच प्रदेशावर, डोंगराच्या दोन्ही बाजूंना, सारखीच खाली येईल. यासाठी लहरीची निवड अचूक करावी लागते. ती फार आखूड असेल, तर सरळ वर गेलेली शक्ती थर भेदून निघून जाते आणि केवळ तिरपी गेलेली दूरवर उतरते. मग केंद्राभोवती एक मूक कडे तयार होते, जेथे जमिनीवरून आलेली लहर संपलेली असते व आकाशातून येणारी अजून पोहोचलेली नसते. ते कडे पुसून टाकायचे, तर रात्री ६० किंवा ९० मीटरांसारख्या लांब शॉर्टवेव्ह लहरी हव्यात. १९३८ साली मुंबईला दहा किलोवॅटचा असा प्रक्षेपक मिळाला, आणि ४८ किलोमीटरांच्या वर्तुळाबाहेर राहिलेले हे खोरे प्रथमच मुंबई केंद्राच्या कक्षेत निश्चितपणे आले.

पुढे २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र निघाले, तेव्हा कर्जत दोन केंद्रांच्या मध्ये आले: पश्चिमेस माथेरानच्या पलीकडे मुंबई, पूर्वेस बोरघाटाच्या पलीकडे सुमारे सत्तर किलोमीटरांवर पुणे. १९५५–५६ मध्ये पुण्याहून आठवड्यामागून आठवडा ‘गीतरामायण’ प्रसृत झाले, तेव्हा सकाळच्या त्या वेळी सह्याद्रीच्या भिंतीखालच्या गावांत ज्याच्या दारी रेडिओ त्याच्या ओटीवर आळी जमे, आणि जाळीची एरियल वर-खाली करणाऱ्या मुलाला त्या दिवशी घरात मोठा मान असे.

१९४२

नभोवाणी कोणाच्या मालकीची, या प्रश्नाला या तालुक्यांनी १९४२ साली सर्वांत तीव्र रूपात तोंड दिले. त्या वर्षाच्या मार्चमध्ये बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली. बीबीसीच्या पूर्व विभागात जॉर्ज ऑर्वेल युद्धवार्तांची साप्ताहिक समीक्षा इंग्रजीत लिहीत व तिची मराठीसह हिंदुस्थानातील भाषांतली रूपे प्रसृत होत. त्यांच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या, ज्यांनी बॉम्बवर्षावाच्या त्या काळात इंग्रज गृहिणींसाठीच्या स्वयंपाकविषयक कार्यक्रमातही आपला आवाज दिला आणि पुढे १९५० साली ‘इन ट्रान्झिट’ ही कादंबरी लिहिली. एक मराठी स्त्री लंडनच्या ध्वनिक्षेपकासमोर बसून आपल्या भाषेत बोलते आणि तिचा आवाज आभाळातून मराठी मुलखात उतरतो, ही गोष्ट त्या पिढीला किती नवलाची वाटली असेल! परंतु तो आवाज सरकार पक्षाचा होता, हे ऐकणारे विसरले नव्हते.

२७ ऑगस्टला मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरांवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. सरकारी नभोवाणी ज्या बातम्या दाबी, त्या तेथून बाहेर पडत. केंद्र घरोघर हलवीत ठेवावे लागे, कारण प्रक्षेपकाचा माग काढता येतो: तारेच्या वेटोळ्याची एरियल फिरविली की एका दिशेत आवाज मोठा होतो व एका दिशेत जवळजवळ नाहीसा होतो, अशा दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशांच्या रेषा नकाशावर जेथे छेदतात, तेथे प्रक्षेपक. (घरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर आडवा-उभा फिरविला की मुंबई केंद्र कमीजास्त होते, तेही याच नियमाने; त्याच्या आत लोहद्रव्याच्या कांडीवर गुंडाळलेले असेच वेटोळे असते.) १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालून हे केंद्र पकडले.

आणि याच महिन्यांत माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल आपल्या आझाद दस्त्यासह डोंगराडोंगरांतून हिंडत मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडीत होते. घाटातल्या पाण्याची वीज शहराकडे जावी आणि शहराचा हुकूम घाटाकडे यावा, या व्यवहाराची तार त्यांनी अक्षरशः तोडली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. नभोवाणीचा इतिहास लिहिणारे हा प्रसंग सहसा आपल्या विषयात धरीत नाहीत. मला तो तिच्यापासून वेगळा काढता येत नाही.

आवाजाची शिस्त

परकीय सत्ता गेली, तरी तिने आणलेल्या एका संस्थेतील काही गुण जपण्याजोगे होते, असे मी मनापासून मानतो. बीबीसीने ग्रीनिचच्या वेळेचे ठोके ५ फेब्रुवारी १९२४ पासून देण्यास प्रारंभ केला. आकाशवाणीनेही तो परिपाठ ठेवला, आणि कर्जतच्या कचेरीतले, शाळेतले, दुकानातले घड्याळ त्या ‘टूं’ वर लावले जाऊ लागले. त्याआधी गाडी हेच घड्याळ होते. बातमी आणि मत वेगळे ठेवणे, उच्चार स्वच्छ ठेवणे, निवेदकाने स्वतः मागे राहणे, हे सारे वळण तेथूनच आले. बीबीसीचे वृत्तनिवेदक आपले नावही सांगत नसत. ते सांगण्याची प्रथा १९४० साली पडली, तीही शत्रूने तोतया आवाज काढल्यास श्रोत्यांना ओळखता यावा म्हणून.

परंतु या शिस्तीत एक उणीव होती. तेथे ऐकू येई ती दक्षिण इंग्लंडमधील सुशिक्षितांची इंग्रजी. १९४१ साली विल्फ्रेड पिकल्स यांनी यॉर्कशायरच्या ढंगात बातम्या वाचल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली. आमच्या नभोवाणीनेही शिस्तीबरोबर ही उणीव उचलली. मुंबई केंद्राच्या श्रुतिकांतून पुण्या-मुंबईच्या पांढरपेशांचे घरगुती बोलणे फार गोड उमटले, ‘पुन्हा प्रपंच’ने तर घराघरांत नातलग निर्माण केले, परंतु कर्जतच्या ठाकराचे, खालापूरच्या कातकऱ्याचे किंवा आगऱ्याचे बोलणे तेथे क्वचितच आपल्या स्वतःच्या वजनाने बोलले गेले. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते, बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आले होते, आणि बोलीचा कान असलेला असा माणूस त्या संस्थेत अधिक काळ राहता, तर ही उणीव काही अंशी भरून निघाली असती, असे वाटून जाते.

रात्रीचे पाहुणे

ब्रिटिशांनी महायुद्धात आपल्या सैन्यासाठी कोलंबो येथे उभारलेले शॉर्टवेव्ह केंद्र १९४९ मध्ये सिलोन सरकारच्या हाती आले, आणि १९५२ मध्ये आमच्याच बाळकृष्ण केसकरांनी माहितीमंत्री या नात्याने आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा तीच गाणी कोलंबोहून आभाळातून परत आली. त्याच डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून आकाशवाणीने ती चूक दुरुस्त केली. शॉर्टवेव्हचा आवाज चढउतरत येई, आणि गाणे नेमके कडव्यात बुडे. पण श्रोत्यांना तो त्याचा अंगभूत भाग वाटू लागला होता.

लंडनलाही हे चढउतार टाळायचे होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओमानच्या मसिरा बेटावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभारून बीबीसीने मीडियम वेव्हवर पश्चिम हिंदुस्थान गाठला. तेथून कर्जत सुमारे दीड हजार किलोमीटर, आणि मधली जवळजवळ सारी वाट खुल्या अरबी समुद्राची. रात्री एकाच झेपेत लहर येथे पोहोचे. आणीबाणीत वृत्तपत्रांवर नियंत्रण असताना बीबीसीच्या हिंदी बातम्या ऐकणारी घरे खेड्यापाड्यांत होती, आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये पंतप्रधानांवरील हल्ल्याची वार्ता अनेकांना प्रथम लंडनकडूनच कळली.

बीबीसीची मराठी सेवा १९५८ च्या डिसेंबरात बंद झाली होती. ती २ ऑक्टोबर २०१७ रोजी पुन्हा सुरू झाली, पण इंटरनेटवर. हिंदी सेवेचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. मीडियम वेव्हही जुनी झाली, आता एफएम आणि मोबाइल पुरेसे आहेत, असे म्हणणाऱ्यांनी माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यातली एक अतिवृष्टीची रात्र काढून पाहावी. तेथे वीज गेली की काही तासांत मोबाइलचे मनोरे मुके होतात, एफएम डोंगराआड राहते, आणि शंभर किलोवॅटच्या मीडियम वेव्ह प्रक्षेपकाची सूचना दोन सेलांच्या ट्रान्झिस्टरवर येत राहते. ही सोय मोडीत काढण्यापूर्वी तिचा पर्याय या खोऱ्यात खरोखर पोहोचतो की नाही, हे तपासणे सरकारचे काम आहे.

ज्यांना हे सारे स्वतः पडताळून पाहावयाचे असेल, त्यांनी जुना ट्रान्झिस्टर काढावा, घरातले चार्जर आणि एलईडी दिवे बंद करावेत, कारण आजची सर्वांत मोठी खरखर त्यांचीच असते, आणि रेल्वेच्या तारांपासून शक्य तितके दूर बसावे. भर दुपारी ५५८ किलोहर्ट्झ लावून रेडिओ हळूहळू गोल फिरवावा; ज्या स्थितीत आवाज सर्वांत क्षीण होईल, तेव्हा आतली कांडी, म्हणजे बहुधा रेडिओची लांब बाजू, मुंबईच्या दिशेने रोखलेली असेल. दुपारी मीडियम वेव्हच्या पट्ट्यावर किती केंद्रे लागतात ते मोजून ठेवावे, व रात्री नऊनंतर पुन्हा मोजावीत. शॉर्टवेव्हसाठी दहा-पंधरा मीटर तांब्याची तार ओटीपासून आंब्यापर्यंत ताणून तिचे टोक सेटच्या एरियलला जोडले, तर ३१ आणि ४९ मीटरांवर चीनची व आशियातील इतर देशांची केंद्रे आजही उतरताना ऐकू येतील. गडगडाट सुरू होताच मात्र ती तार प्रथम काढावी.